वरोरचा टेम्पो आणि माझी सही

"सर, याला सुक्या बोंबलाचा वास येतोय."

सुनंदाने तिसरी बशी माझ्यासमोर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. सोमवार होता, सकाळचे अकरा. टेबलावर तीन बशा, तीन पांढरे मातीचे पाईप, पाण्याचा तांब्या आणि बिनमिठाच्या कुरमुऱ्यांची वाटी. शेजारच्या टेबलावर पॅकिंगवाली पाच-सहा माणसं डब्यांना लेबलं लावत होती. ती हसली.

"डब्यात बोंबील आणलास वाटतं," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"आज सोमवार आहे. माझा उपास असतो. डब्यात दोन केळी आहेत, बघायचीत?" सुनंदा म्हणाली.

सगळे आणखी हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दलच हे लिहितो आहे.

तलासरीला आमचं छोटं युनिट आहे. पाईपमध्ये ओढायच्या तंबाखूची ब्लेंड्स तयार करून आम्ही परदेशी पाठवतो. मी तिथे टेस्टर होतो, एकोणीस वर्षं. काम ऐकणाऱ्याला गमतीचं वाटतं. व्हर्जिनिया हा तंबाखूचा एक प्रकार. त्याचं पान बंद भट्टीत गरम हवेवर सुकवतात, त्यामुळे त्यात साखर टिकते. पिवळं पान आंबटगोड आणि हलकं लागतं, त्याला लेमन म्हणतात. मधलं ऑरेंज. तांबूस ते रेड, त्याची चव ब्रेडच्या भाजलेल्या कडेसारखी. ही तिन्ही ठरलेल्या मापात मिसळली की ब्लेंड होतं. नवा लॉट जुन्या पास झालेल्या लॉटसारखाच आहे की नाही, हे सांगणं माझं काम. त्यासाठी तीन बशा. दोन बशांत जुना लॉट, एकीत नवा. कुठल्या बशीत काय, ते टेस्टरला माहीत नसतं. वेगळी बशी ओळखता आली, तर नवा लॉट बिघडलेला. ओळखता आली नाही, तर पास.

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि थोडासा नाकातून सोडायचा. खरी चव त्या नाकातूनच कळते.

आणि माझं नाक सात महिन्यांपूर्वी गेलं होतं.

एक साधा ताप आला होता. ताप उतरला, वास परतला नाही. डहाणूच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको सुकट भाजत होती, वरच्या मजल्यावरच्यांनी धाडकन खिडकी लावली, आणि मी हॉलमधून विचारलं, "आज जेवायला काय?" ती तवा हातात घेऊनच बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. मी युनिटमध्ये काही बोललो नाही. दोन मुलींची शिक्षणं चालू होती आणि मला दुसरं काही येत नाही. टेस्टर म्हणून माझ्याजवळ एक नाक होतं, बस.

जीभ शाबूत होती. गोड, आंबट, कडू कळत होतं. चिमटीत धरून पानाचा ओलावा कळत होता. जिभेला किती चावतं, हेही कळायचं. एवढ्यावर मी सात महिने काढले. बशा समोर आल्या की मी सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघायचो. ती जवळच्याच वेवजी गावची. पानाची मधली शीर काढून पान सोलायचं तिचं काम, त्याला आम्ही स्ट्रिपिंग म्हणतो. टेस्टच्या बशा आणून ठेवायचं कामही तिचंच. विडीसुद्धा कधी ओढली नाही, पण बशी नाकाजवळ नेली की तिच्या भुवया सगळं सांगायच्या. मी तिला कधी विचारलं नाही. फक्त बघायचो.

त्या सोमवारी तिने भुवयांवर न थांबता तोंडाने सांगितलं, आणि मला तो टेम्पो आठवला.

आमच्याकडे एक नियम आहे. पान भरण्याआधी टेस्टरने रिकाम्या गाडीत चढायचं, ताडपत्री बंद करून घ्यायची, अंधारात उभं राहायचं आणि वास घ्यायचा. तंबाखू आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतो. गाडीत आधी डिझेल, कांदा, मासळी काहीही असेल, तर गाडी परत. ठीक असेल, तर फॉर्मवर सही. आठ दिवसांपूर्वी रेड पानाच्या गासड्या आणायला जो टेम्पो आला, तो वरोरचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गावचा होता. तळ ओला होता, नुकताच धुतलेला. मी आत चढलो, ताडपत्री ओढली, मनात वीसपर्यंत आकडे मोजले, उतरलो आणि सही केली.

हे सगळं आठवत मी पाईप पेटवला. जिभेला गोड लागलं, चावलं नाही. मागे हसणं चालूच होतं. मी शीटवर लिहिलं, 'पास'.

"सर, परत एकदा बघा ना," सुनंदा हळूच म्हणाली.

"झालं गं, तू जा."

माल गेला. पाच आठवड्यांनी मालकांनी, जयेशभाईंनी, केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर मेलचा प्रिंट होता.

"सुधीरभाई, बायर लिहितो फिशी. फिशी एटले मच्छीच ना?"

"हो."

"आपल्याकडे मच्छी कोण खातो?"

"तुम्ही सोडून सगळेच."

"मस्करी नको. रेडच्या स्ट्रिपिंगला कोण होता?"

"सुनंदा."

मी खोटं बोललो नाही. नाव सांगितलं आणि थांबलो. बाकीचं जयेशभाईंनी स्वतःच जुळवलं. डबा, हात, गोदामात बसून जेवणं. दुसऱ्या दिवशी तिला सांगण्यात आलं, येऊ नकोस. निघताना ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"बघतो मी," मी म्हटलं.

काही बघितलं नाही. सोळा दिवस गेले. घरी जेवण जाईना. बायको म्हणायची, चव पण गेली का? हायवेवर बाइक चालवताना मी मनात वाक्यं जुळवायचो, आणि तलासरी आलं की ती संपलेली असायची. नवे लॉट येत होते. भुवया बघायला समोर कोणी नव्हतं. दोन लॉट मी नुसते अंदाजाने पास केले.

सतराव्या दिवशी पुन्हा गाडी आली. मी चढलो, ताडपत्री ओढली. आत काळोख. मी जोरजोरात श्वास घेतला. गाडीत काय होतं देव जाणे. गुलाब असते किंवा मेलेला उंदीर असता, तरी मला सारखंच. बाहेर ड्रायव्हर फॉर्म धरून उभा. "साहेब, झालं का?"

मी उतरलो आणि फॉर्म न घेता सरळ केबिनमध्ये गेलो.

"जयेशभाई, मला वास येत नाही."

"सर्दी झाली?"

"आठ महिने होऊन गेले."

त्यांनी चष्मा काढला. उठले, पँट्रीतून तीन झाकलेल्या वाट्या घेऊन आले. "डोळे बंद. एकात हिंग आहे. सांगा कशात."

मी तिन्ही वाट्या नाकाशी नेल्या. "माहीत नाही."

"तिन्हीत हिंग आहे, सुधीरभाई," ते म्हणाले आणि वाट्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, "अने पेली बाई? सुनंदा?"

मी टेम्पोचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, तिने परत बघा म्हटल्याचंही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "तुम्हीच जाऊन घेऊन या. हूं नहीं आवुं, मी येणार नाही."

वेवजीला तिच्या अंगणात सासू वाल सोलत बसली होती. सुनंदाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नाकाचंसुद्धा. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "तुम्ही बशीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचात. आधी वाटलं, नजर वाईट आहे. मग कळलं, तसं नाही."

मला मान वर करता येईना.

"उद्यापासून ये. मी सगळं मालकांना सांगितलंय."

"मालकांना सांगितलंत, बरं केलंत. पण मालक कुठे हसले होते? हसले ते पॅकिंगवाले."

सासू म्हणाली, "जाऊ दे ना, बोलावतायत तर."

"नाही आई. गावात मला बोंबीलवाली म्हणतात आता. त्यांच्यासमोर सांगतील, तर येईन."

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी मी पॅकिंगच्या टेबलाशी उभा राहिलो. सुनंदा दाराशी होती. मी म्हणालो, "त्या दिवशी सुनंदाचं बरोबर होतं. वास टेम्पोचा होता. गाडी मी पास केली होती. आणि मला वास येत नाही." चार वाक्यं. एकोणीस वर्षांत तिथे मी इतकं बोललो नव्हतो. कोणी हसलं नाही. एकाने लेबल उलटं लावलं आणि ते सोलत बसला. सुनंदा आत आली आणि माझ्याशी न बोलता आपल्या जागेवर गेली. ती पुढे महिनाभर बोलली नाही. तो तिचा हक्क होता.

माझी नोकरी राहिली, टेबल गेलं. आता मी डिस्पॅचचे कागद बघतो. गाड्या सुनंदा बघते. पाईप ओढून लॉट तपासायला जयेशभाई तिच्या जोडीला बाहेरचा एक टेस्टर महिन्यातून दोनदा बोलावतात. नाक अजून आलेलं नाही. मधूनच जळल्यासारखा वास येतो, पण डॉक्टर म्हणतात तो खरा नव्हे.

यातून शिकण्यासारखं काय, तर तपासणारा माणूस वर्षभर कशालाच नाही म्हणत नसेल, तर आधी त्याला तपासावं.

सुनंदाने पहिल्याच आठवड्यात दोन टेम्पो परत पाठवले. जयेशभाई वैतागून माझ्या टेबलाशी आले. "तुमच्या टाइमला तर एक पण गाडी परत जात नव्हती!"

"म्हणूनच," मी म्हणालो.