दाजींचं शटल आणि जोसेफरावांचा डोळा

जोसेफ चेऊलकर म्हणजे खांदा कॉलनीतली सगळ्यात ताठ मान. पोस्टात पत्रं निवडतानाही ती वाकत नसे. पत्रच उचलून डोळ्यांसमोर यायचं. ती मान चौऱ्याण्णव साली मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाकवली.

उजव्या डोळ्यातला मागचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी आतली जेली काढली, पडदा जागेवर बसवला, फाटलेल्या जागेभोवती लेसरने डागलं आणि डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. फुगा वर चढतो. पडदा मागे फाटलेला, तेव्हा त्याला तिथे दाबून धरायचं तर तोंड सतत जमिनीकडे. जेवताना, झोपताना, यहुद्यांच्या शब्बाथची प्रार्थना म्हणतानासुद्धा. जोसेफरावांना आता माणसं पायांवरून ओळखू येऊ लागली.

डोळा कोणामुळे गेला, हे कॉलनीला पाठ होतं. रविवारच्या बॅडमिंटनमध्ये दाजी म्हात्र्यांचं शटल त्यावर बसलं होतं. दाजी मूळचे कोन गावचे, राहायला शेजारी. पोरं त्यांना डोळेफोड्या म्हणायला लागली. दाजींनी रॅकेट भाच्याला देऊन टाकली आणि रोज चेऊलकरांकडे हजर.

त्यांनी दोन खुर्च्यांमध्ये स्कूटरची जुनी ट्यूब ताणून बांधली. तिच्यावर जोसेफरावांचं कपाळ, आणि खाली लादीवर दाजी उताणे. तसेच पडून पेपर वाचून दाखवायचे, रमी खेळायचे. एकदा जिताडा घेऊन आले. "खवल्याचा बघून आणलाय, वैनी," जोसेफरावांच्या बायकोला, डेबोराबाईंना म्हणाले. यहुद्यांना बिनखवल्याचा मासा चालत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक.

तो जिताडा जोसेफरावांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी पत्ते वाटून झाले. जोसेफराव म्हणाले, "दाजी, शटल लागायच्या आधीपासून मला डोळ्यात विजा चमकायच्या. एका बाजूने सावलीही चढत होती. डॉक्टर म्हणाले, पडदा तेव्हाच सुटायला लागला होता."

"मंग बोलला का नाय?"

"डेबोराने खेळणं बंद केलं असतं."

"आन नंतर?"

दुसरीकडे बघायची सोय नव्हती. दाजींचा चेहरा वीतभर खाली. जोसेफरावांच्या डोळ्यातलं औषध टपकन दाजींच्या मिशीवर पडलं. दाजींनी ती पुसली, पत्ते गोळा केले आणि त्यांचे भेगाळलेले पाय दाराबाहेर गेले.

मग ते पाय आलेच नाहीत. डेबोराबाईंनी विचारलं तेव्हा जोसेफरावांनी त्यांनाही सांगून टाकलं. त्यांनी चहाचा कप लादीवर ठेवला, त्यात नळी घालायची राहिली. चहा तसाच गार झाला.

शनिवारी संध्याकाळी भेगाळलेले पाय परत आले आणि दाजी ट्यूबखाली आडवे झाले.

"सगल्यांना सांगायचं. तुमीच."

"सांगतो. जरा मान वर करता आली की."

"नाय. उद्याच. पाय दिसतात ना? मंग पायांना सांगा."

रविवारी दाजींनी दंडाला धरून त्यांना मैदानावर नेलं. गोल उभ्या राहिलेल्या कॅनव्हासच्या बुटांना आणि पोरांच्या स्लिपरांना जोसेफरावांनी सगळं सांगितलं, विजांपासून. एक बूट माती उकरत राहिला. दोन स्लिपरा हळूच मागे सरकल्या.

"झालं?" दाजी भाच्याला म्हणाले, "आण रं माजी रॅकेट." आणि जोसेफरावांचा दंड धरूनच उभे राहिले.