माझ्या नावावर पन्नास बोटं

हसाचं असन तं आताच हसून घ्या. मी सांगाले लागली का तुम्ही मधातच हसान, अन् माझा चहा थंडा होईन. असा घोटाळा केला मी, का आर्णीपासून यवतमाळपर्यंत नाव झालं माझं!

माझी नात अश्विनी यवतमाळले राहते, कॉम्प्युटरचं शिकली. मले साखरेची बिमारी. तं पोरीच्या मनात आलं, आपल्या आजीसारख्या ज्याईले वाचता येत नाही, त्याईच्यासाठी फोनात काहीतरी बनवावं. त्याले ती अ‍ॅप म्हणते. बोटाले सुई टोचाची, रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीवर ठेवाचा, अन् मशीन आपोआप फोनाले सांगते का साखर किती. मधात ना तार, ना दोरी! माझ्या बोटातलं रक्त त्या फोनाले समजते कसं? मी फोन उलटा करून पाहिला. मांगं काहीच नव्हतं.

दोन वर्ष खपली पोरगी. मले बाजूले बसवे अन् इचारे, "आजी, हे चित्र समजते का?"

ताटात सारा हिरवा पाला. मी म्हटलं, "बकरीचं जेवण व्हय का हे?"

"आजी, हे सॅलड आहे!"

"मंग माणसाचं कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी पाहते तं पाला गायब! तिथं ज्वारीची भाकर, तुरीचं वरण अन् आंबाडीची भाजी. माय वं! माझ्या एका शब्दानं फोनातली बकरी उठून गेली! अंक वाचता येत नाही म्हटलं, तं तिनं आपला आवाजच भरला त्यात. थेंब ठेवला का फोन अश्विनीच्या आवाजात बोले, "आजी, एकशे तीस. शाब्बास!" अन् एक हासणारं तोंड दिसे. साखर जास्त निघाली तं रडणारं. मी तं हात जोडले त्या फोनाले. तुम्ही नसते जोडले?

जाताना अश्विनी तो फोन, मशीन, सुया अन् पट्ट्याच्या दोन डब्या देऊन गेली. पन्नास पट्ट्या.

"आजी, पंधरा दिवस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सगळे आकडे मले माझ्या फोनात दिसतीन. मंग आपण डॉक्टरसाहेबाले दाखवू. त्याईले पटलं तं ते आपल्या सगळ्या पेशंटले हे अ‍ॅप देतीन. नाही पटलं तं दोन वर्ष पाण्यात. अन् सुई दर बारीले नवी घेजो."

"तू कायले काळजी करते वं? मी हाय ना!"

मीच होती, तेच तं नडलं.

पहिल्याच दिवशी सकाळी मी सुई घेऊन बसली, अन् शेजारची रजियाबी आली. बायाईचे कपडे शिवते ती. "क्या बाई, ये क्या नया निकाला तुमने?"

आता तुम्हीच सांगा. दारात माणूस आलं, अन् आपण एकटीनंच घ्याचं? चहा असो, चिवडा असो, आधी आलेल्याले, मंग आपल्याले. माझ्या सासूनं हेच शिकवलं मले. मी म्हटलं, "बस. आधी तुझं बोट दे."

टोचलं. फोन बोलला, "आजी, तीनशे बारा. आज गोड खाऊ नका." अन् रडणारं तोंड.

"या अल्ला! मेरे को आजी बोली!" रजियाबीले तीनशे बाराची काळजीच नाही, आजी म्हटल्याचाच राग. "अभी तो मेरी लडकी का ब्याह भी नहीं हुआ!"

तिचा राग जावा म्हणून मी चहा केला. तिचा साखरेचा, माझा फिका.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं का आजीच्या घरी फोन रक्त पिऊन बोलते. ओसरी भरली. किराणा दुकानवाले भाऊजी आले. ह्या एवढ्या मिशा! त्याईचा थेंब ठेवला, तं फोन म्हणते, "आजी, नव्वद. शाब्बास!" बाया अशा हासल्या का एकीचा पदर चुलीत जाता जाता वाचला. भाऊजीचं काय? दुसऱ्या दिवशी सोबत्याले घेऊन परत हजर! "त्याले पण आजी म्हणू द्या."

मी दर दिवशी म्हणे, आता माझं. सुई हातात घे, अन् दारात कोणीतरी उभंच! सुई मात्र दर बोटाले नवी घेतली, त्यात मी चुकली नाही.

तिसऱ्या दिवशी अश्विनीचा फोन आला. "आजी, बरी आहेस ना? आत्ता पाच मिनिटांत काय खाल्लं तू?"

"काहीच नाही."

"मंग एकशे दहाचे दोनशे साठ कसे झाले?"

"मले काय माहीत वं? तुहाच फोन सांगते."

"अन् दिवसातून चार-चार बारी कायले टोचते?"

"तुहं काम मन लावून करून राह्यली मी!"

फोन ठेवला बिचारीनं. तिले वाटलं, आजी लाखात एक हाय. मले पण तेच वाटलं.

चौदाव्या दिवशी दुसरी डबी पण रिकामी झाली. पंधराव्या दिवशी आम्ही दोघी यवतमाळले डॉक्टरसाहेबापुढं. त्याईनं फोन पाहिला. मले पाहिलं. परत फोन पाहिला.

"सहा वाजता नव्वद, सहा पाचला दोनशे, सहा दहाला एकशे दहा? माणसाची साखर अशी उड्या मारत नाही. एकतर मशीन बिघडलंय, नाहीतर तुझं अ‍ॅप. हे मी पेशंटच्या हातात देऊ शकत नाही."

अश्विनीचं तोंड एवढंसं झालं. डोळे भरून आले. दोन वर्ष त्या टेबलावर आडवे पडले होते हो!

मले राहवलं नाही. "साहेब, माझ्या पोरीचं काहीच चुकलं नाही! एकन् एक आकडा बरोबर हाय."

"तुम्हाला कसं माहीत, आजी?"

"मंग? मीच तं टोचलं सगळ्याईले! ते नव्वद किराणावाल्या भाऊजीचं. दोनशे त्याईच्या बायकोचं, एकशे दहा सुनेचं. अन् सगळ्यात पहिलं तीनशे बारा रजियाबीचं, सोमवारी सकाळी. हातात अर्धं शिवलेलं झंपर होतं, पोपटी रंगाचं."

डॉक्टरसाहेब फोनात पाहत गेले, मी सांगत गेली. तारखा मले येत नाहीत, पण वार येतात अन् माणसं येतात. पन्नासच्या पन्नास सांगितले. साहेबाचं तोंड उघडंच!

मंग एकदम गंभीर झाले. "या तीनशे बारावाल्या बाईंना साखर आहे, हे माहीत आहे?"

त्या दिवशी मी तिले साखरेचा चहा पाजला होता. "नाही जी."

"उद्याच पाठवा. बरं झालं, वेळेवर कळलं." अन् अश्विनीले म्हणाले, "तुझं अ‍ॅप चोख आहे, पोरी. फक्त टोचायच्या आधी त्याला विचारायला लाव, बोट कोणाचं? तेवढं केलंस की माझ्या सगळ्या पेशंटना देतो."

पोरगी रडता रडता हासली. मी पदर सावरून ताठ बसली. का नाही बसणार? पन्नास बोटं तोंडपाठ सांगितली होती!

"आणि आजी," साहेब म्हणाले, "या पन्नासांत तुमचे कोणते?"

मी आठवलं. लय आठवलं. झंपराचा रंग आठवे, पण माझं बोट काही आठवेना. कसं आठवीन? ते होतंच कुठं?

"साहेब... माझी बारी येण्याआधीच पट्ट्या सरल्या."

"आजी!" अश्विनी ओरडली. "पंधरा दिवसांत एकदाही नाही?"

"लोकं येऊन राह्यले होते, तं मी आधी कशी घेऊ वं?"

साहेबानं नवी पट्टी मागवली. अश्विनीनं माझं बोट धरलं, टोचलं. थेंब ठेवला. फोन बोलला, "आजी, तीनशे अडतीस."

साहेबानं पन्नास आकडे वरून खाली पाहिले, अन् मान हालवली. एवढा आकडा दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

जन्मात शाळेची पायरी चढली नाही मी. अन् परीक्षा झाली तं पुऱ्या गावात पहिली आली!