पांढऱ्या दोऱ्याची वाकळ

कॅनॉलचा पूल मागं पडला तरी बायनाबाई थांबायला तयार नव्हती. सोनपेठहून सुटणारी दुपारची एसटी आलीच नाही, म्हणून दोघी बाजारातून पायीच निघाल्या होत्या. बायनाबाईच्या डोक्यावर शिंप्याकडच्या चिंध्यांचं गठुडं होतं. एका हातानं ती ते सावरत होती आणि दुसरा हात सारखा पोटावर जात होता.

"मामी, जरा दम घ्या की," मागून येणारी राजेश्री म्हणाली. "कुणी पाठी लागलंय का?"

"घरी गेल्यावर घेईन दम. शेजारच्या चांगुणाला बसवून आलेय त्यांच्यापाशी. तिचं काय खरं न्हाई बाई. मालिका लागली की तिला स्वतःचा नवरा दिसत न्हाई, माझा कुठून दिसायला!"

राजेश्री हसली. बायनाबाई हसली नाही, उलट पाय जास्तच उचलू लागली.

बायनाबाई म्हणजे गल्लीतली वाकळ शिवणारी. लुगड्याचा पदर, सदऱ्याची बाही, परकराचा घेर, काहीही आणून द्या. पट्टीला पट्टी जोडून ती अशी वाकळ करायची की रुखवतात बाया ती उलटीसुलटी करून बघत बसायच्या. राजेश्री नवी नवरी होऊन आली तेव्हा टाका घालायला हिच्याकडंच शिकली. शिकली कमी आणि उसवलं जास्त. "हा टाका हाय का खिडकी?" असं म्हणून बायनाबाई अख्खी ओळ ओढून काढायची. टाक्यातून तीळ जाता कामा नये, असा तिचा नेम. पहिला टाका देवाचं नाव घेऊन घालायचा आणि पुढचे सगळे देव बघतोय असं समजून.

अशा बाईला राजेश्रीनं दिवाळीतच जुने कपडे दिले होते. लेक भक्ती होस्टेलवर जायची होती, तिच्यासाठी वाकळ हवी होती. होळी होऊन गेली तरी वाकळीचा पत्ता नाही. आणि दर बाजाराला बायनाबाई मात्र नवं गठुडं आणायलेली. "बायनाबाईची वाकळ म्हणजे मारुतीचं शेपूट," असं बाया पाठीमागं बोलायच्या. आज तर तिनं दोरा घेतला तोही नुसता पांढरा. लाल-हिरव्या रिळांकडं बघितलंसुद्धा नाही.

गावची चिंच दिसायला लागली तसं राजेश्रीनं विचारूनच टाकलं.

"मामी, रागाला येऊ नका, पण भक्तीची वाकळ..."

बायनाबाईनं डोक्यावरचं गठुडं सावरलं.

"शिवली की."

"मग दिली कामून न्हाई?"

"घरी चल. दाखविते."

वसरीवर दिनकरराव भिंतीला टेकून बसले होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता. नवरा जागेवर दिसला तशी बायनाबाईनं देवळीतल्या देवाकडं बघून हात जोडले आणि मग गठुडं खाली टाकलं.

दिनकररावांच्या मांडीवर वाकळ पसरलेली होती. मान खाली घालून ते एकेक पांढरा दोरा चिमटीत धरून ओढत होते आणि धोतराच्या ओच्यात जमा करत होते. राजेश्रीनं वाकळ ओळखली. ती तिची पिवळी साडी. तो मालकांचा चौकड्याचा शर्ट. अर्ध्याच्या वर पट्ट्या सुट्या होऊन लोंबत होत्या.

"आल्या का बाया?" दिनकररावांनी तोंड वर केलं. चेहरा मोठा समाधानी होता. "लय फुटलाय औंदा. ही एवढी पट्टी राहिली वेचायची. लागा, लागा कामाला."

"लागतो जी," बायनाबाई म्हणाली.

मग राजेश्रीला कोपऱ्यात ओढून हळू आवाजात बोलायला लागली. "कापूस वेचायलेत ते. रंगीत दोऱ्याला हात लावीत न्हाईत बघ, पांढराच पायजे. मागल्या साली रोज रानात निघायचे. रान बटईनं दिलंय, तिथं ऊस हाय, ते कुठं कळतंय त्यांना? एकदा तर गोदागंगेच्या पाण्यात गुडघ्याएवढे उभे होते. मेंढराच्या मागचा एकजण घेऊन आला, म्हणून दिसले. त्याच्यानंतर एक दिवस हे दोरे काढत बसले आन् दिवसभर जागचे हलले न्हाईत. तवापासनं ते काढतेत आन् मी शिवते; पट्टी फाटली की नवी चिंधी लावते."

"परमेश्वर काय म्हणतो?" राजेश्रीनं विचारलं. परमेश्वर बायनाबाईचा लेक, पुण्याला कंपनीत होता.

"फोन करतो. म्हणतो, बाजेला बांधून ठेवा. माणसाला बांधायचं? ढोर हाय का ते?" तिनं डोळ्याला पदर लावला. "तुझी वाकळ किती बार शिवली ते मलाच ठाऊक न्हाई. मला माफ कर, पोरी."

"राहू द्या हो मामी. भक्ती पांघरंल चादर."

"ते न्हाई गं." बायनाबाईचा हात पुन्हा पोटावर गेला. "आत गाठ हाय. परभणीच्या डॉक्टरनं आपरेशनला दोनदा बोलावलं, मी गेले न्हाई. आता म्हणला, पुढच्या सोमवारी आली न्हाईस तर मग येऊच नको."

राजेश्री घाईघाईनं म्हणाली, "तुमी बेधडक जा. डबा मी देते. रात्री भक्तीचा भाऊ सिताराम येऊन झोपंल."

"डब्याचं न्हाई." बायनाबाईनं आज आणलेली रिळं राजेश्रीच्या हातात कोंबली. वसरीवर दिनकरराव शेवटच्या पट्टीला आले होते. "सगळं उसवून झालं की वेचणी सरली म्हणून उठतेत. मग धरून ऐकत न्हाईत. मी दवाखान्यात हाय तवर रोज तेवढी शिवून ठेवशील का? आन् राजे, मी शिकविलं तसं नको शिवू. त्यांची बोटं आता आखडलीत. बोट जाईल, एवढा सैल टाका घाल, माय."