डिझेलमामाची उघडी चाळण

डिझेलमामाचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा कुठे सही करायची वेळ आली की मगच आठवायचं. जन्मभर त्याने डिझेलची पिंपं वाहिली. आधी डांबर संपतं, मग खडी संपते, शेवटी चाकोरीही संपते, आणि तिथून पुढे नदीच्या काठाकाठाने त्याचा ट्रक हेलकावे खात जायचा. त्या टोकाला रेती धुऊन हिरे शोधणारी माणसं होती आणि त्यांच्या पंपांना डिझेल लागायचं. त्या वाटेने एकदा जाऊन आलेला माणूस परतल्यावर आपली हाडं जागच्या जागी आहेत ना, हे चाचपून बघायचा. मामा मात्र त्या वाटेवर गुणगुणायचा.

गुणगुणता गुणगुणता तोही त्या रेतीच्या नादी लागला. होते दोन ट्रक, त्यातला एक विकून त्याने नदीच्या शेवटच्या वळणाचा परवाना घेतला. हाताने धुऊन बारीक खडे मिळत होते, पण खरी रेती खोल होती. तिथवर पोचायला पंप हवा, धुण्याचं मोठं यंत्र हवं. त्यात परवान्याची अट अशी, की यंदा नदी चढायच्या आत यंत्र चालू झालं नाही तर वळण परत सरकारजमा. मामाला रात्रंदिवस तेवढीच काळजी.

गॅरेजातल्या तेलकट टेबलावर पैसा कुणाकडून घ्यावा आणि त्याला वाटा किती जाईल, हे दाखवायला मेहुणा रोज वॉशर मांडून बसायचा. हा मामीचा धाकटा भाऊ. सुट्या भागांच्या दुकानात विक्रेता होता, आणि व्यवहार आपल्यालाच कळतो अशी त्याची खात्री होती.

एकदा त्याने वॉशरची मोठी चळत एकीकडे सरकवली. ही खाणकंपनी. सगळा पैसा ती घालणार आणि मामाला उरणार चिमूटभर वॉशर, वर वाहतूक बघायची पगारी नोकरी. दुसऱ्या दिवशी त्याने व्यापारी मांडला. तो उचल द्यायला तयार होता, पण निघेल तो खडा त्यालाच विकायचा आणि तो सांगेल त्या दराने. बँकेचा वॉशर मेहुण्याने मांडलाच नाही. बँकेच्या साहेबांनी जमिनीखालची वस्तू तारण धरत नाहीत असं सांगून घराचे कागद मागितले होते, आणि ते ऐकताच मामीने कपाटाची किल्ली कमरेला खोचली होती.

"कंपनीला हो म्हणा, भावोजी," मेहुणा म्हणाला. "पगार तर पगार."

"म्हणजे माझ्याच वळणावर मी हजेरी लावू?" मामाने विचारलं.

मामी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आणि रजा कुणाकडे मागाल?"

त्यावर तिघेही हसले, पण मामाचं हसू लवकर आटपलं.

अशातच कारखानेवाल्या बाईंचा निरोप आला. त्या रेती धुण्याची यंत्रं बनवायच्या. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनीच तारला होता. पैसा त्यांच्याकडेही नव्हता, पण एक तयार यंत्र पडून होतं. यंत्र त्यांचं, वळण मामाचं आणि भाग निम्मानिम्मा. अट एकच, आधी रेती डोळ्यांनी बघायची.

मेहुण्याने मामाला बाजूला घेतलं. आदल्या दिवशी गुपचूप चार चाळण्या धुऊन बघाव्यात, खडा सापडला तर तो बाईंच्या चाळणीत ठेवावा, असं त्याचं म्हणणं. "सगळेच करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामा ऐकेना. त्या वाटेवरची रीत त्याच्या अंगात मुरलेली होती. भागीदारी ठरवायची तर चाळण समोरासमोर उलटायची. उलटणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे आणि उचलायचं ते समोरच्याने.

"हात दाखवून अवलक्षण," मेहुणा कपाळ धरून म्हणाला.

ठरल्या दिवशी बाई ट्रकच्या केबिनमध्ये बसून आल्या, मेहुणा मागच्या हौद्यात. वाटेत दोनदा चाक रुतलं. दोन्ही वेळा त्या खाली उतरल्या आणि फळ्या लावू लागल्या. वळणावर मामाने रेती घातली, गोल चाळण पाण्यात धरली आणि घुमवत राहिला, बाळाला जोजवावं तशी. जड ते खाली मधोमध जमतं, हलकं कडेला जातं. मग एका झटक्यात त्याने चाळण जमिनीवर पालथी केली. भाकरी उलटते तशी रेती अलगद उतरली. मधोमध काळ्या-लाल कणांचा गोल ठिपका उठला. त्याला ते लोक डोळा म्हणतात.

मामाने हात पाठीमागे बांधले. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि तो डोळा बोटाने सावकाश उलगडत गेल्या.

त्यात हिरा नव्हता. दुसऱ्या चाळणीत नव्हता, तिसऱ्यातही नव्हता.

मेहुणा नदीकडे तोंड करून उभा राहिला. मामाचे हात पाठीमागेच होते. सोडले तर काय करायचं त्यांचं, हे त्याला सुचेना.

बाईंनी साडीचा ओला पदर पिळला. "मामा, मी पुष्कळ वळणं पाहिली. मला बघून पहिल्याच चाळणीत हिरा निघतो सगळ्यांच्या. यंत्र लावलं की मग निघत नाही." त्यांनी चिमटीभर लाल कण तळहातावर घेतले. "हे हिऱ्याचे सोबती. हे आहेत म्हणजे तोही खाली कुठेतरी असेल. नसलाच, तर बुडू दोघं मिळून. पण रिकामी चाळण दाखवणारा माणूस मला आजच भेटला."

मेहुणा वळला. "म्हणजे... निम्मं?"

"निम्मं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मोजायला येऊ नका म्हणजे झालं."

यंत्र सुटं करून मामाने स्वतःच्या ट्रकमधून खेप-खेप करून नेलं. त्या वाटेवर त्याचं गुणगुणणं यंत्राच्या खडखडाटावर मात करून ऐकू यायचं. नदी अजून चढली नव्हती तेव्हाच पंप धडधडला. परवाना तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने बुटावर चिखल उडवून घेत शिक्का मारला. मामी त्या दिवशी पहिल्यांदा वळणावर आली होती. तिने कमरेची किल्ली चाचपली आणि हसली.

आणि खोल रेती वर येऊ लागली तेव्हा एका दुपारी, मामी डबा घेऊन आलेली असताना, बाई म्हणाल्या, आज चाळण मी फिरवते. शिकल्या होत्या त्या. त्यांनी चाळण घुमवली, पालथी केली आणि हात पाठीमागे बांधले.

काळ्या-लाल डोळ्यात मधोमध एक बुबुळ लकाकलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

पंप धडधडतच होता.

"बघता काय, मामा," बाई म्हणाल्या. "माझे हात बांधलेले आहेत."

डिझेलमामा वाकला. जन्मभर दुसऱ्यांच्या पंपांना तेल घालणाऱ्या त्या काळ्या बोटांनी त्याने आपल्या वळणाचा हिरा उचलला आणि आधी मामीच्या हातावर ठेवला.