फिफी क्वान्सा अंकलची निर्दोष बोटं

समुद्रकाठच्या आमच्या सॉल्टपाँड गावात शर्टाची एक बाही लांब आणि एक आखूड असलेला माणूस दिसला की समजावं, याचं कापड फिफी क्वान्सा अंकलच्या मशीनखालून गेलेलं आहे. तक्रार करायची सोय नाही. गेलात तर अंकल गळ्यात टेप टाकून तुमच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात, "तुझा डावा हातच आखूड आहे. आईला विचार, लहानपणी पडला असशील."

मी आईला खरंच विचारलं होतं. ती म्हणाली, "तू नाही पडलास, पण त्याला कोणीतरी पाडायला हवा होता."

अंकलची श्रद्धा साधी आहे. चूक जगात असते, पण ती अंकलची नसते. कापडाची असते, कात्रीची असते, विजेची असते. एकदा लग्नाच्या कोटाला त्यांनी खिसे आतून लावले, तेव्हा चूक नवऱ्या मुलाची निघाली, कारण माप देताना तो हसत होता.

टेलर म्हणून असा माणूस परवडतो. गावात दुसरे टेलर आहेत. पण हाच माणूस दर रविवारी चर्चमध्ये बेस गिटार गळ्यात अडकवून उभा राहायचा, आणि चर्चमध्ये बेस एकच होती. मी तिथे कीबोर्ड वाजवतो, म्हणजे अंकलपासून हातभर अंतरावर. त्यामुळे त्यांच्या निर्दोषपणाचा पहिला साक्षीदार मीच.

ती जुनी बेसही अंकलना शोभेल अशीच होती. मान केळ्यासारखी वाकलेली, एक खुंटी गायब, तिथली तार पकडीनं पिळायची. सूर चुकला की अंकल वाजवणं थांबवत नसत. वाजवता वाजवताच बेस डोळ्यांसमोर आडवी धरत आणि तिच्या मानेकडे असे बघत, जसे मास्तर नापास पोराकडे बघतात. मंडळी समजून घ्यायची. मागच्या बाकावरून एखादी म्हातारी हळहळायची, "अरेरे, बिचारा!" हे बिचारेपण अंकल वर्षानुवर्षं अंगावर घालून हिंडले. त्यांनी स्वतः न शिवलेला तो एकच कपडा, म्हणून त्यांना नीट बसला होता.

अडचण एकच होती, अराबा. बाजाराच्या तोंडाशी तिचं वेण्या घालायचं दुकान आहे. सरावाच्या दिवशी अंकल यायचे नाहीत, कारण त्यांच्या मते सराव हा ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतो. त्या दिवशी अराबा तीच वाकडी बेस घ्यायची, आणि सूर चुकायचा नाही. मी एकदा हे अंकलच्या कानावर घातलं.

"तिचा हात हलका," अंकल म्हणाले. "आपल्याला कोणी वाजवतंय हे बेसला कळतच नाही. म्हणून ती गप्प पडून राहते."

हे असंच चाललं असतं. पण वारांच्या वर्गणीत घोटाळा झाला. आमच्याकडे ज्या वारी जन्म, त्या वाराची टोळी. रविवारवाले आधी, मग सोमवारवाले, असे एकेक वार नाचत नाचत पुढे येतात, पेटीत पैसे टाकतात, आणि कोणता वार जिंकला ते माईकवरून जाहीर होतं. माणसाच्या नावातच वार असतो, त्यामुळे लपायची सोय नाही. एकुआ बुधवारची, अराबा मंगळवारची, फिफी शुक्रवारचा. आणि हा सगळा कारभार चालतो बेसच्या जिवावर. ड्रमनं पाय उचलतो, पण कंबर हलते ती बेसनं, आणि कंबर हलल्याशिवाय सॉल्टपाँडमध्ये कोणाचं पाकीट उघडत नाही.

त्या दिवशी बुधवारवाले जिंकत होते. पुढे आँटी एकुआ, हातात पांढरा रुमाल. बाई मासे धुरावर सुकवून विकते, महिला मंडळाची अध्यक्ष आहे आणि पास्टरसुद्धा तिच्याशी बोलताना टोपी काढतात. पेटीपासून दोन हातांवर बेस घसरली. आँटीचा पाय भलतीकडे पडला, मागची अख्खी टोळी तिच्यावर येऊन आदळली आणि बुधवार हरला.

अंकलनी बेस डोळ्यांसमोर धरली.

"तिला काय बघतोस?" आँटी तिथूनच कडाडली. "फिफी, पुरे झालं. नवी बेस मी आणते. कापणीच्या सणाला तीच वाजव. त्या दिवशी सूर चुकला, तर मान तिची वाकडी होती की तुझी, हे देवाला आणि मला एकदमच कळेल. मग बेस अराबाची आणि तू शुक्रवारवाल्यांच्या बाकावर."

"आणि नाही चुकला तर?" अंकलनी मान ताठ करून विचारलं.

"तर ब्लाउज तुझ्याकडून शिवून घेईन."

हॉलमध्ये बायका हळहळल्या. पैज कोणाच्या अंगावर येणार ते सगळ्यांना दिसत होतं.

आँटीनं राजधानीतून, अक्राहून बेस आणली ती माशांच्या टोपल्यांमधून, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त. "दुकानदार म्हणाला, शिकाऊ लोकांसाठी आहे," तिनं खोकं अंकलच्या शिलाई टेबलावर ठेवलं. "मी म्हटलं, मग बरोबर आहे."

खोकं उघडायला मी होतो, अराबा होती, आणि अंकल खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते, मुलगी बघायला आलेल्या सासऱ्यासारखे.

"हा काय रंग?" त्यांनी सुरुवात केली. "टोमॅटोच्या डब्याचा आहे."

"रंग कानाला ऐकू येत नाही अंकल," अराबा म्हणाली.

"वजन बघ, वजन! लाकूड आहे की पाव? आणि ही पिशवी? यातून डास आत जातील. पट्टा प्लास्टिकचा. वास तर असा, की शेजारच्या शवपेट्यांच्या दुकानातून आणल्यासारखा." त्यांनी एक बटण फिरवलं. ते जरा डुगडुगलं. अंकलच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघा! हलतंय. मी सांगतो, आठवड्यात हातात येईल."

खरं सांगायचं तर यातलं काही खोटं नव्हतं. बेस दिसायला दरिद्रीच होती. रंग कडेला ओघळला होता, आणि एका खुंटीवरचं पॉलिश कोणीतरी जेवता जेवता लावलं असावं. मीही तोंड वाकडं केलं. मग अराबानं स्पीकरची वायर खोचली, तारा सुरात लावल्या आणि सगळ्यात जाड तार एकदा छेडली.

टेबलावरच्या टाचण्या थरथरल्या. असा गोल, भरलेला सूर आला की बाहेर मक्याच्या केंकीचा गोळा खात उभा असलेला ड्रायव्हर घास हातात धरून आत डोकावला.

अराबानं एकेक पट्टी दाबत बोट पार वरपर्यंत नेलं. कुठेही सूर ढळला नाही. मान सरळ, दोरा धरून आखल्यासारखी.

अंकलनी ते डुगडुगणारं बटण पुन्हा हलवून बघितलं. मग म्हणाले, "फारच स्वच्छ आवाज आहे."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"इतका स्वच्छ बरा नव्हे. चर्च आहे ते. माणसाला जरा आडोसा लागतो."

त्या दिवसापासून त्यांनी बेसचा छळ मांडला. दुपारी गेलो तर ती दारात उन्हात उभी. "लाकडाला हवा लागू दे," अंकल म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तर कोळशाची धगधगती इस्त्री तिच्या मानेशेजारी ठेवलेली. "जागा नाही दुकानात," म्हणाले. मी इस्त्री उचलून लांब ठेवली, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझा दुसरा हातही आखूड असावा. पण ती स्वस्तातली बेस हट्टी निघाली. पॉलिशला दोन फोड आले, मान तसूभर वाकली नाही. शेजारीपाजारी विचारायचे, "काय अंकल, नवी बेस कशी आहे?" अंकल थुंकायचे आणि म्हणायचे, "स्वस्तातली आहे." याच्यापुढे त्यांना काही सापडत नव्हतं. सराव तेवढा त्यांनी केला नाही. तो केला असता तर कदाचित सगळंच निभावलं असतं, पण मग इतक्या वर्षांचं काय, हा प्रश्न उरला असता.

सणाच्या सकाळी अंकल सगळ्यांच्या आधी हजर, नव्या शर्टात. डावी बाही लांब. थेट पास्टरकडे गेले.

"पास्टर, नवी वस्तू तेलाशिवाय वाजवायची? माझी हिंमत नाही होत."

यात गैर काहीच नव्हतं. आमच्याकडे टॅक्सी, शिलाई मशीन, फ्रीज, काहीही नवं आलं की आधी वेदीसमोर येतं, पास्टर त्यावर अभिषेकाचं तेल लावतात, मग ते वापरायचं. पास्टरनी बेस समोर ठेवली, प्रार्थना म्हटली आणि बोट तेलात बुडवून तिच्या डोक्यावर एक टिळा लावला.

"एवढंसंच?" अंकल मोठ्यानं म्हणाले. "कोजोच्या टॅक्सीवर तर अर्धी बाटली ओतली होती. ती टॅक्सी चार माणसं वाहून नेते. ही बेस अख्ख्या मंडळीला नेणार आहे."

"आमेन!" मागून कोणीतरी ओरडलं.

पास्टरनी थोडं तारांवर शिंपडलं.

"देवाकडे कमी आहे का पास्टर?"

"आमेन! आमेन!"

आता हा प्रश्न तेलाचा राहिला नाही, पास्टरच्या उदारपणाचा झाला. त्यांनी बाटली उलटी केली. तेल मानेवरून, तारांखालून ओघळत गेलं, बेस तळायला टाकलेल्या माशासारखी चमकू लागली. महिनाभरात पहिल्यांदा अंकल हसले. इस्त्रीनं जमलं नाही ते आता साधणार होतं. मी कीबोर्डमागून बघत होतो आणि मला वाटलं, एवढी अक्कल या माणसानं कधी एका बाहीवर खर्च केली असती तर!

नाच सुरू झाला. रविवार गेला, सोमवार गेला. बेस गोड वाजत होती, अंकलची बोटं मात्र बर्फावर चालल्यासारखी जपून पडत होती. मंगळवारच्या पाळीत अराबा पेटीत पैसे टाकून परतताना नुसती त्यांच्या हाताकडे बघत गेली. मग बुधवार. पुढे आँटी एकुआ, तोच रुमाल. पेटी जवळ आली तसा ड्रमवाल्यानं वेग वाढवला, अंकलनी वरच्या पट्टीवर उडी मारली आणि बोट पार पुढे घसरत गेलं. असा सूर निघाला की पुढच्या बाकावरचं तान्हं पोर रडायला लागलं.

आँटी एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबली. यावेळी तिनं तो खालीच ठेवला नाही. शेजारणीच्या खांद्यावर हात टेकून बकरीसारखी एका पायावर उभी राहिली. ड्रमही थांबला.

अंकलनी सवयीनं बेस डोळ्यांसमोर धरली. मान सरळ होती. मग ती सगळ्यांना दिसेल अशी फिरवली आणि तोंड उघडलं. "तेल—"

"काय झालं तेलाला?" पास्टरनी माईकवरून विचारलं. अगदी मायेनं विचारलं.

अंकलनी पास्टरकडे बघितलं. आमेन म्हणणाऱ्या बाकांकडे बघितलं. अभिषेकाच्या तेलानं सूर बिघडला, असं सॉल्टपाँडमध्ये उभ्या उभ्या म्हणून शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक टिकवणारा टेलर अजून जन्मायचा आहे. आणि ते मागून मागून ओतवून घेतलं कोणी, तेही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"तेल..." अंकल म्हणाले, "उत्तम आहे."

"मग?" आँटीनं एका पायावरून विचारलं.

मग काही नव्हतं. कापड नव्हतं, कात्री नव्हती, वीजही नेमकी त्या दिवशी गेली नाही. अंकलनी पट्टा डोक्यावरून काढला.

अराबा पुढे आली. तिनं बेसला फडकं लावलं नाही; अभिषेकाचं तेल सगळ्यांसमोर पुसत नाहीत, आणि ती हुशार आहे. सणासाठी गळ्याला पांढरी पावडर थापून बसलेल्या एका बाईच्या हातातून डबा घेतला, दोन्ही पंजे पावडरीत माखून घेतले आणि बेस गळ्यात घातली. पहिला सूर पडला, आँटीचा पाय खाली आला. दुसऱ्याला कंबर फिरली. बोटं तेलावरून जिथे घसरायची तिथे अराबा सूरही घसरू द्यायची, मुद्दाम, आणि त्या घसरण्यानं सगळा बुधवार किंचाळत पेटीवर कोसळला. पावडर, तेल आणि टोमॅटोचा रंग मिळून त्या बेसचं जे झालं ते बघवत नव्हतं. ऐकावं मात्र वाटत होतं.

शुक्रवारची पाळी आली तेव्हा अंकलना उठावंच लागलं. फिफी नावाच्या माणसानं शुक्रवारच्या पाळीला बसून राहायचं नसतं. चेहरा दगडासारखा ठेवून ते चालत पुढे निघाले, पण निम्म्या वाटेत त्यांच्या कमरेनं त्यांचं ऐकलं नाही. सगळ्यांनी बघितलं. पेटीत पैसे टाकून ते परत आले आणि बाकावर बसले.

त्यानंतर आठवडाभर गावानं त्यांना छेडलं. "काय अंकल, बेस कशी आहे?"

"बेस एक नंबर," अंकल म्हणायचे. "अशी बेस या किनाऱ्यावर नाही. वाजवणारीच जरा कच्ची आहे."

अराबानं हे ऐकलं आणि त्यांच्याकडेच एक झगा शिवायला टाकला. म्हणाली, एक बाही लांबच ठेवा, तेवढीच गावात ओळख.

पुढच्या रविवारी माझं लक्ष बाकाखाली गेलं. अंकलचा पाय ताल धरत होता. तालाच्या अर्धा ठेका मागे, अगदी मन लावून. शेजारी आँटी एकुआ येऊन बसली होती, बुधवारवाल्यांचा बाक सोडून. तिनं कोपरानं ढोसलं. "फिफी, पाय चुकतोय."

अंकलनी खाली वाकून बाकाच्या पायांकडे तुच्छतेनं बघितलं.

"डुगडुगतंय," ते म्हणाले. "सुतारानं लाकूड ओलं वापरलंय."