दोन मिलीमीटरची सूट

"मोजलंय मी," एवढंच म्हणून मिस्त्री शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढायचे आणि टेबलावर ठेवायचे. मग समोरचा कितीही मोठा कारखानदार असो, त्याला गप्प बसावं लागे. पट्टीवरचे आकडे बोटं लागून लागून पुसट झाले होते. मिस्त्रींना ते दिसायची गरजच नव्हती.

उद्यमनगरात माझ्या भंगाराच्या गोडाऊनसमोर त्यांचं एका लेथचं वर्कशॉप होतं. नव्वदच्या दशकात तुम्ही कधी त्या गल्लीतून गेला असाल, तर तुम्ही दोन आवाज ऐकले असतील. एक त्यांच्या लेथचा आणि दुसरा माझा. मी हातगाड्यावर भंगार गोळा करत वर आलेला माणूस. सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलं नाही. राग नाकावर असतो, हेही मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आणि समोर हा माणूस, ज्यानं वीस वर्षांत मला एक रुपया सोडला नाही.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे भंगार दाबायच्या माझ्या प्रेसच्या बुशी, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्या, करून घ्यायला गेलो. त्यांनी भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. ते लेथकडे वळले. मी थोडा थोडा वर चढत गेलो, आवाजही चढवत गेलो. शेजारचे फाउंड्रीवाले हात पुसत बाहेर येऊन उभे राहिले. शेवटी मिस्त्रींनी लेथ बंद केला.

"झालं, शेठ? भाव त्योच हाय."

बुशी मात्र अशा बसल्या, की अजून बदलल्या नाहीत. याचाही मला रागच आला. उलट ते माझ्या ढिगातून गनमेटलचा एखादा तुकडा उचलायचे तेव्हा मी सांगेन तो भाव मुकाट्यानं देऊन जायचे. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला माणसातच धरत नाही, असं मला वाटतं. तुम्ही धंद्यात असाल तर तुम्हाला हे पटेल.

तरुणपणी मिस्त्री मिरजेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे मदतनीस होते. तिथलं मीटर गेजचं एक वाफेचं इंजिन त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्याचा एकेक भाग त्यांनी दोरीनं आणि पट्टीनं मोजून वहीत उतरवला होता. पुढे ती इंजिनं बंद झाली, तेव्हा त्यांनी वही उघडली आणि दर रविवारी तेच इंजिन लहान करायला घेतलं. आठाला एक, असं माप. खऱ्या रुळांत अंतर मीटरचं, मीटरचा आठवा हिस्सा म्हणजे सव्वाशे मिलीमीटर, म्हणून याच्या रुळांत अंतर सव्वाशेचंच. खऱ्या इंजिनाला जिथे रिव्हेट होता, तिथे याला रिव्हेट.

बॉयलरला बाजारातलं तांबं त्यांच्या मनाला येईना. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चार दिवस माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा न्हाणीत त्यांचा पाणी तापवायचा बंब नव्हता. आईनं दिलेला, जाड तांब्याचा, दोन माणसांनी उचलायचा बंब. मिस्त्रींनी तो कापून, ठोकून बॉयलरला लावला होता आणि हुपरीच्या एका कारागिराकडून सांध्यांना चांदीचा डाग देऊन घेतला होता.

"भाऊजी, ह्यांनी माझा बंब रुळावर घातला," वहिनी मला म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण त्या दिवसापासून त्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवत होत्या.

इंजिन पुरं झाल्यावर दर खंडेनवमीला, यंत्रांची पूजा आटोपली की, मिस्त्री गल्लीत रूळ मांडायचे. इंजिनाला झेंडूची माळ, मागे लाकडी वाघीण, आणि तिच्यावर पाय पसरून बसलेली उद्यमनगरातली मोठमोठी माणसं. माझी पाळी आली तेव्हा मिस्त्रींनी हात आडवा केला.

"शेठ, तुमी न्हाय. स्प्रिंग बसंल. ब्याण्णव किलो हाय तुमी."

"कुणी सांगितलं?"

"परवा तुमच्याच काट्यावर हुबं ऱ्हायला न्हवता काय? मोजलंय मी."

सगळी गल्ली हसली. त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला मी गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून, पाठ करून बसत असे.

मग एका बंद पडलेल्या कारखान्याच्या रद्दीत मला एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एक फोटो होता. चांगली पिकल्या केसांची माणसं गुडघ्याएवढ्या इंजिनांवर बसून निघाली होती. इंग्लंडात एका गावाबाहेर दर उन्हाळ्यात अशा छोट्या रेल्वेंचा मेळावा भरतो, कुणीही आपलं इंजिन घेऊन यावं, असं खाली लिहिलं होतं. मी ते पान त्यांच्या लेथवर ठेवलं.

"मिस्त्री, तुमच्यासारखी येडी तिकडं बी हायत."

तिसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "शेठ, हितं जायाला काय काय लागतंय?"

त्यांनी माझ्याकडे काही मागावं, ही वेळ त्याआधी कधी आली नव्हती. मी कामाला लागलो. इंग्रजीसाठी कोर्टासमोरच्या टायपिस्टला धरलं. माझ्या फॅक्सवरून पत्रं गेली. मेळावा भरवणाऱ्या क्लबाची फी मी माफ करून घेतली आणि राहायची सोय एका सभासदाच्या घरी लावून घेतली. इंग्रज माणूस घासाघिशीला लाजतो, हे मला तेव्हा कळलं. इंजिनाच्या तीन पेट्या विमानानं न्यायला मुंबईच्या माणसानं जो भाव सांगितला, तो मी तीन दिवसांत खाली आणला. आमंत्रण दोघांचं आलं, चालक आणि एक मदतनीस. मी कुणाला न सांगता राजारामपुरीत एक गरम कोट शिवायला टाकला.

क्लबाच्या फॉर्मात रुळाचं माप विचारलं होतं. मी पाच इंच लिहिलं. आमच्या बाजारात पाच इंच म्हणजे सव्वाशे. पाइप असो, पट्टी असो, इंचाला पंचवीस धरायचे आणि माल उचलायचा. या हिशेबावर माझं अर्धं आयुष्य गेलं आणि कुणी कधी तक्रार घेऊन परत आलं नाही.

तिकिटं काढायच्या आदल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "दुसरं तिकीट हिच्या नावावं काढा."

"वहिनी? वहिनींना इंजिनातलं काय कळतंय?"

"बॉयलर तिचाच हाय," मिस्त्री म्हणाले, आणि पट्टी खिशात ठेवून निघून गेले.

माझी काय अवस्था झाली, ते तुम्ही ताडलंच असेल. पत्रं माझी, फॅक्स माझा, भांडणं माझी. कोट कपाटात लटकवला आणि कपाटाला किल्ली लावली.

जायला महिना राहिला असताना क्लबाचा फॅक्स आला. आठच ओळी होत्या. आमचा रूळ पाच इंचाचा, म्हणजे एकशे सत्तावीस मिलीमीटर आहे. आपल्या चाकांचं नक्की माप कळवावं. ते बसत नसेल, तर इंजिन टेबलावर मांडून दाखवता येईल, पण रुळावर चालवता येणार नाही.

चूक माझी होती. आणि ती फक्त मला माहीत होती.

मी तो कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. चार दिवस तो तिथेच राहिला. ठेवू देत टेबलावर, मी मनात म्हणायचो, मला वाघिणीवर बसू दिलं नाही ना. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं म्हणत होतो, हे खरं.

पाचव्या दिवशी वहिनी आल्या. हातात दोन स्वेटर होते. तिकडे कुठला पुरेल, असं विचारायला आल्या होत्या.

"भाऊजी, तिकडं नळालाच गरम पाणी येतं म्हंत्यात. खरं काय?"

"व्हय की."

"मग बंबाचं काय कवतिक न्हाय त्यास्नी." त्या थोडा वेळ स्वेटरची बाही सरळ करत राहिल्या. "कितीक वर्सं झाली त्यो जाऊन. ह्यास्नी बोलले न्हाय मी कधी. एकदा त्यो बंब परमुलखात पळताना बघितला की माझं सगळं मिटलं."

त्या गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि कागद घेऊन रस्ता ओलांडला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "पाच इंच तुमी लिवलं?"

"लिवलं."

"मोजलं न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. "इंजिन सव्वाशेचं हाय. मीटरचा आठवा हिस्सा. त्यात हात घालायचा न्हाय."

"मग टेबलावर मांडा."

"मांडतो."

"वहिनींस्नी टेबल दावायला नेताय काय एवढ्या लांब?"

लेथ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"दोनच एम.एम.चा सवाल हाय, मिस्त्री. एक हिकडं, एक तिकडं."

"न्हाय."

"बरं, अर्धा हिकडं, अर्धा तिकडं."

हे मी सवयीनं बोलून गेलो. मिस्त्री हसायला लागले. मी त्यांना आवाज करून हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. "शेठ, अर्ध्यानं रुळावं बसंल काय त्ये?"

ते हसले तसा मला धीर आला. "दुसऱ्याच्या घरी गेल्यावं पायताण भायेर काढतो का न्हाय आपण? निघताना परत घालतो. चाकं जोडणारं जुनं आस काढून ठेवा. जत्रेपुरतं जरा लांब नवं घाला."

मिस्त्रींनी पट्टी काढली. इंजिनाशेजारी उकिडवे बसले, चाकाला लावून पाहिली, सिलिंडरला लावून पाहिली. बराच वेळ त्यांच्या ओठांतल्या ओठांत आकडे चालले होते.

"चाकं तीच. तीन आस नवं करतो. आल्यावं जुनं परत बसवणार."

"बसवा."

"आठ दिवस लागतील."

"सहा."

"आठ."

आठच लागले. नवव्या दिवशी मी नक्की माप कळवलं. या वेळी पट्टीनं मोजून.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी माझ्या ऑफिसात फोन वाजला. मिस्त्रींना फोनवर बोलायची सवय नव्हती. "शेठ. बॉयलर पास." मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. नेहमीच्या दुप्पट दाब देऊन त्या लोकांनी बॉयलर तपासला होता. तपासणाऱ्यानं विचारलं, हे तांबं कुठलं? तर मिस्त्रींनी बायकोकडे बोट दाखवलं. मग वहिनींनी फोन घेतला.

"भाऊजी, बंब टिपूसभर गळला न्हाय."

मी नुसतंच "व्हय, व्हय" करत होतो आणि हमाल माझ्याकडे बघत होते.

फोटो तुम्हाला दाखवायला हवा होता. पुढे मिस्त्री, तोंड काजळीनं काळं. मागे वहिनी, साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातानं पदर धरलेला. त्यांच्या मागे सहा वाघिणींवर गोरी माणसं. शेवटच्या दिवशी सगळी इंजिनं एकामागून एक निघतात, त्यात सगळ्यात पुढचा मान उद्यमनगरच्या इंजिनाला मिळाला.

ते परत आले त्या दिवशी आमच्या गल्लीनं स्टेशनावर हलगी नेली. मी गरम कोट घालून गेलो. घामानं भिजलो होतो, पण कोट काढला नाही. मिस्त्रींनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, हे मला दिसलं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखी पाठ करून बसलो होतो. मिस्त्री स्वतः रस्ता ओलांडून आले. "शेठ, चला. तिकडनं जाड स्प्रिंगा आणल्यात."

"ब्याण्णव किलो चालतात?"

"पंच्याण्णव झालायसा. मोजलंय मी. शंभरपातुर चालतंय."

मी बसलो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. कोळशाची ठिणगी उडून शर्टाला भोक पडलं. तो शर्ट मी अजून टाकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलकट कागदात गुंडाळलेले ते तीन आस माझ्या टेबलावर ठेवले. इंजिनात जुने परत बसले होते.

"किती द्यायचं?" मी विचारलं.

"न्हाय. सूट म्हणून धरा," ते म्हणाले, आणि काम खोळंबल्यासारखे निघून गेले.

मिस्त्रींना जाऊन काही वर्षं झाली. समोरचं शटर बंद असतं. गल्लीत आता एकच आवाज आहे, आणि तोही पहिल्यासारखा चढत नाही. इंग्लंड मी पाहिलं नाही ते नाहीच, आणि ते मला अजून लागतं. पण खंडेनवमीला वहिनी इंजिनाला हळदकुंकू लावतात, मग रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात. माझ्या वजनकाट्यावर ते तीन आस ओळीनं मांडलेले असतात. वहिनी प्रत्येकावर एकेक झेंडूचं फूल ठेवतात. गोडाऊनमधल्या सगळ्या लोखंडाला भाव आहे. या तिन्हींचा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.