काकूचं उखळ आणि न फुटलेली हळद

नजर लागणं, अंगात येणं, करणी... यावर माझा आधीही विश्वास नव्हता आणि खालचा प्रसंग डोळ्यांसमोर घडल्यानंतरही बसलेला नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या नातेवाईकांत या प्रसंगाच्या तीन आवृत्त्या फिरतायत आणि तिन्हींत माझ्या काकूला चेटकीण ठरवलंय. माझी नोकरी मोजमापं घेण्याची. म्हणून जे मी स्वतः मोजलं, पाहिलं, तेवढंच सांगतो. रागात लिहितोय, तेही आधीच कबूल करतो.

काका मिलमध्ये होते. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही. आम्ही बार्शीचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी आणि माझा थोरला भाऊ एस.टी.ने काका-काकूंकडे यायचो ते शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच परत जायचो. काकू दगडी उखळात शेंगाचटणी कुटायची. मुसळाचे घाव आम्ही दोघं मोठ्यानं मोजायचो आणि चुकलो की ती पुन्हा एकपासून सुरू करायला लावायची. कुटून झालं की उखळाच्या तळाशी चिकटलेली तेलकट चटणी बोटानं खरवडून गरम भाकरीवर द्यायची. अकरावी-बारावीला तर मी त्यांच्याकडेच राहिलो. अकरावीत गणितात नापास झालो तेव्हा काका रागावले नाहीत. सायकलवर डबलसीट घेऊन गेले, उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला पेपर मला दाखवून मग नापास हो." काकांच्या रेझरनं पहिल्यांदा दाढी करताना हनुवटी कापली, तर काकू हळद दाबत हसत होती. माझ्या आईनं माझे जेवढे लाड केले नसतील तेवढे या दोघांनी केले.

काका जाऊन चार वर्षं झाली.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न होतं. आमच्यात लग्नाआधी पाच सवाष्णी मिळून उखळात हळकुंडं फोडतात, त्याच हळदीनं नवरीला हळद लागते. आमच्या कॉलनीत उखळ कुणाकडेच नाही. म्हणून काकूचं मागवलं. टेम्पो पाठवला, चौघांनी उचलून पोर्चमध्ये ठेवलं. काकू मागून सिटी बसनं आली. मुसळाला आंब्याची डहाळी ती स्वतः बांधायला लागली, तेवढ्यात थोरल्या वहिनी पुढं आल्या. वहिनी सांगोल्याच्या, माझ्या त्याच थोरल्या भावाची बायको.

"काकू, पाच सवाष्णी हायत की. तुमी आत बसा जरा."

काकूनं डहाळी खाली ठेवली आणि आत गेली. भाऊ मोबाईलमध्ये बघत होता. मी मांडववाल्याशी बोलत असल्यासारखं केलं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात ऐन कार्यात वाद नको, असं मनाशी म्हटलं.

वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. उखळात अकरा हळकुंडं, मी मोजून टाकलेली. पाच सवाष्णींनी गाणं म्हणत घाव घातले. एरवी पाच-सात घावांत हळकुंडं तडकतात. इथं काहीच नाही. बायका थांबल्या, हसल्या, पदर खोचून पुन्हा लागल्या. पंधरा मिनिटांनी हसणं बंद झालं. मग मी मुसळ घेतलं. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो. साठ घाव घातले. अकराच्या अकरा हळकुंडं अखंड, ओरखडासुद्धा नाही.

हळद जुनी असेल, म्हणून एक हळकुंड बाहेर काढून फरशीवर बत्त्यानं ठेचलं. दुसऱ्या ठोक्याला दोन तुकडे. मग उखळात काही बिघाड असेल, म्हणून उरलेली दहा काढून त्यात मूठभर शेंगदाणे घातले. त्यांचं लगेच पीठ झालं. उखळ पुसून पुन्हा तीच दहा हळकुंडं घातली... फुटेनात. हे सगळं निदान तीस माणसांसमोर झालं.

ऋतुजा पाटावरून उठली, आत गेली आणि काकूचा हात धरून तिला दारापर्यंत घेऊन आली. काकू पुढं यायला तयार नव्हती. तुमचं शुभकार्य आहे, माझ्यावर बोल नको, असं दोनदा म्हणाली. ऋतुजानं सांगितलं, मग मला हळदच लावू नका. तेव्हा काकू माझ्याकडे बघून बोलली, "उखळ न्यायला टेम्पो आला माझ्या दारात. मला न्यायला रिक्षा न्हाय आली."

ती उखळापाशी आली. वय शहात्तर, हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. पहिल्या घावाला तीन हळकुंडं फुटली. सातव्याला दहाही. मी शेजारी उभा राहून मोजलं आहे.

हळद लागली, लग्न झालं. पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. वहिनींचं म्हणणं, म्हातारीनंच उखळात काहीतरी करून पाठवलं होतं. कुणी म्हणे तिनं दोरा बांधला होता, कुणी म्हणे लिंबू होतं. उखळ मी स्वतः धुतलं, त्यात काहीही नव्हतं. आता माझ्या पुतण्याचं लग्न आहे आणि काकूला पत्रिका नाही. भावाला फोन केला, तर म्हणतो, "घरातल्या बायकांचं आहे ते, तू कशाला पडतोस?" ज्या बाईच्या हातची चटणी चाटून वाढला, तिच्याबद्दल! आमचं बोलणं बंद आहे. लग्नाला मी जाणार नाही.

गेल्या रविवारी काकूकडे गेलो. हळद का फुटत नव्हती, तुला काय वाटतं, असं विचारलं. दोन्ही तपासण्या पुन्हा सांगितल्या. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला काय ठाऊक बाळू. तू हळदीचं लई मोजलंस. तुझी वहिनी बोलली तवा तू माझ्यापासनं किती लांब हुतास, ते सांग की."

तीन फूट. फार तर साडेतीन.

हळदीचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. कुणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, फक्त काकूचं नाव मध्ये आणू नका. तिला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, "जवळच होतो." तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.